मामंजींची वही

उन्हाळा सुरू झाला की हैदराबादेतील आमच्या जुन्या घरांतून दोन विषय हमखास निघतात, एक पाण्याचा आणि दुसरा विजेच्या बिलाचा. बिलाची गोष्ट निघाली की ठपका बहुधा फ्रीजवर येतो. दिवा आणि पंखा आपण आपल्या हाताने लावतो नि आपल्याच हाताने बंद करतो. फ्रीज मात्र कोणाचे न ऐकता दिवसरात्र घुरघुरत असतो, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एका घरी गेले असता आंबेडाळीची वाटी हातात देता देता यजमाणीणबाई म्हणाल्या, "आम्ही आता रात्री फ्रीज बंदच ठेवतो. तेवढीच बचत!" भोवतीच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. मी काही बोलले नाही. परक्याच्या घरी, आणि तेही सणाच्या दिवशी, दुखणी काढू नयेत. पण घरी येईपर्यंत माझ्या मनात १९८६ सालचा मे महिना घोळत राहिला.

मी लग्न होऊन नांदेडहून काचीगुड्याच्या या घरात आले ती १९७९ साली. त्या वेळी घरात फ्रीज नव्हता. तिवईवर काळा माठ, त्याला ओले फडके, दुधादह्याला शिंकाळे, आणि पाहुणे आले तर बर्फाच्या दुकानातून भुश्यात गुंडाळून आणलेला बर्फाचा तुकडा, एवढीच आमची शीतव्यवस्था होती. मामंजी सरकारी हिशेबखात्यात होते. १९८१ साली ते निवृत्त झाले आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी फ्रीज घेतला तो ऑल्विनचा. त्या काळी हैदराबादेत दुसरा कोणता घेणार! ऑल्विन म्हणजे आपल्या गावचा. निजामाच्या राजवटीत, १९४२ साली, सरकारी भांडवल आणि अल्लादीन कंपनी यांच्या भागीदारीत तो कारखाना निघाला आणि सनतनगरला वाढला. पोलादी कपाटे, बसगाड्यांचे सांगाडे, फ्रीज आणि पुढे पुढे मनगटी घड्याळेही तिथे होऊ लागली. आमच्या गल्लीतील दोन घरांत ऑल्विनची नोकरी होती, तेव्हा आमचा फ्रीज आला त्या दिवशी त्या घरांतील मंडळी जणू मुलगी सासरी पोचवावी तशी तो पाहावयास आली होती.

फ्रीज ठेवला स्वयंपाकघरात, शेगडीच्या ओट्याला लागून, भिंतीला पाठ टेकवून. कारण जाड पिनांचा प्लग तेवढ्याच जागी होता. डोक्यावर मी विणलेला लोकरी रुमाल, त्यावर स्टॅबिलायझर, त्याच्यावर पंचांग आणि औषधांचा डबा. आजही निम्म्याअधिक घरांतून फ्रीजची हीच जागा नि हीच अवस्था असते. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मामंजींना मधुमेह होता आणि १९८४ पासून दोन वेळा इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. आपले हिशेबखाते त्यांनी निवृत्तीनंतर घरी चालू ठेवले होते, असे म्हटले तरी चालेल. जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही ते ठेवीत. डावीकडच्या रकान्यात विजेच्या मीटरचा आकडा, उजवीकडे इन्सुलिनची मात्रा आणि लघवीच्या तपासणीचा रंग. घरी साखर मोजण्याची आजच्यासारखी सोय आमच्याकडे नव्हती. काचेच्या नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन, त्यात लघवीचे थेंब टाकून, ते स्पिरिटच्या दिव्यावर उकळावयाचे. निळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर जपून, पिवळे वा विटकरी झाले तर काळजी. वीजही युनिटांत मोजावयाची आणि इन्सुलिनही युनिटांतच. त्यामुळे वहीच्या दोन्ही रकान्यांवर त्यांनी सुबक अक्षरात 'यु.' एवढेच लिहिलेले असे. पाहणाऱ्याला वाटावे, एकाच वस्तूचा हिशेब आहे.

सासूबाईंना आम्ही सुना आत्याबाई म्हणत असू. त्यांचे बालपण मराठवाड्यातील एका खेड्यात कंदिलाच्या उजेडात गेलेले. काम झाले की वात खाली करावी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्यांच्या काटकसरीत कंजूषपणा नव्हता; दारी आलेला माणूस त्यांनी उपाशी पाठविल्याचे मला स्मरत नाही. पण माणूस निजलेला असताना यंत्र चालू ठेवणे हे त्यांना उधळेपणाचे वाटे. १९८६ च्या एप्रिलचे बिल जास्त आले तेव्हा त्यांनी आपल्यापुरता उपाय ठरवला. रात्री दहाला सगळ्यांची पाने आटोपली की त्या फ्रीजचे बटण बंद करीत. "आपण निजतो, त्यालाही घटकाभर निजू द्यावं," असे त्या म्हणत. पहाटे पाचला उठल्या की पुन्हा चालू. रात्रभरात आतली गारी कमी झालेली असे, दूध कोमट लागे, म्हणून त्या आतला काटा फिरवून सातावर नेत, की लवकर गार व्हावे. मग तो काटा दिवसभर सातावरच राही.

इथेच सगळे बिघडले. काटा सातावर नेल्याने फ्रीज लवकर गार होत नाही. तो आपल्याच गतीने गार होतो, फक्त कुठे थांबावयाचे ते विसरतो आणि गरजेपेक्षा पुढे जातो. आमचा फ्रीज एकदारी, वर बर्फाची पेटी आणि तिच्या लगत खाली पहिला कप्पा. त्या कप्प्यात, सर्वांत गार जागा म्हणून, मामंजींच्या इन्सुलिनच्या तीन बाटल्या मीच हौसेने मांडून ठेवल्या होत्या. दिवसा त्या गोठत आणि रात्री वितळत. सकाळी मामंजी सुई भरीत तेव्हा औषध पातळच असे, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते.

मे महिन्यात वहीतले रंग बदलू लागले. हिरवा, पिवळा आणि मग दिवसामागून दिवस विटकरी. मामंजी पथ्याचे कडक; आमरस त्यांनी पाहिलाही नव्हता. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. पुन्हा वाढवली. दोन वेळचे मिळून ३६ युनिटे होती, ती चढत चढत ६० वर गेली. मामंजी वाळत चालले होते, रात्री चारचारदा पाणी पिण्यास उठत होते. शेवटच्या बाटलीत थोडे औषध उरले असता काचेला पांढरट कण चिकटलेले त्यांना दिसले. औषध जुने झाले असावे असे वाटून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि संध्याकाळी नवी बाटली आणवून तिच्यातून नेहमीप्रमाणे, म्हणजे वाढवलेल्या मात्रेने, टोचून घेतले.

रात्री दोनच्या सुमारास आत्याबाईंच्या हाकेने आम्ही जागे झालो. मामंजी घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि ते आमच्याशी न बोलता कचेरीतल्या कोणाला तरी बेरीज पुन्हा तपासण्यास सांगत होते. यजमानांच्या ध्यानात आले. साखरेचे दाट पाणी करून चमच्याचमच्याने त्यांना पाजले. पाऊण तासाने त्यांनी मला ओळखले आणि पहिला प्रश्न विचारला तो, "किती वाजले?" वहीत लिहावयाचे होते.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी जुनी बाटली उजेडात धरून हलवून पाहिली आणि ती कुठे ठेवत होतो ते विचारले. मी कप्पा दाखवला. त्यांनी बोटाने वरची बर्फाची पेटी चाचपली, काट्याकडे पाहिले. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी कामाचे राहत नाही, ते २ ते ८ अंशांत, बर्फापासून दूर ठेवावयाचे असते, एवढे त्यांनी समजावून सांगितले. मग म्हणाले, "मात्रा वाढवली ती मेलेल्या औषधाची, आणि काल टोचली ती जिवंत औषधाची." आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना कोणी एक शब्द बोलले नाही. मामंजी तर नाहीच नाही. पण त्या दिवसापासून पुढे चौदा वर्षे, त्या असेपर्यंत, त्यांनी फ्रीजच्या बटणाला हात लावला नाही. दूध काढावयाचे तरी मला हाक मारीत. कप्पा मी निवडला होता, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितले. त्या ऐकून घेत, बस्स.

मामंजी मात्र बरे होताच हिशेबाला बसले. रात्री बंद ठेवण्याने खरोखर वाचते किती, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. ओळखीच्या वायरमनकडून त्यांनी एक जुना मीटर मिळवला आणि तो फ्रीजपुरता जोडून घेतला. फ्रीज सतत चालू असता दिवसाला सरासरी सव्वादोन युनिटे. रात्री सात तास बंद ठेवून पाहिले, तर दोन. म्हणजे एवढ्या घोरातून वाचले काय, तर पाव युनिट! त्याचे कारणही त्यांनी मला पाटीवर आकृती काढून सांगितले होते. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. आतली उष्णता उचलून पाठीमागच्या काळ्या जाळीतून बाहेर टाकतो. रात्री दार उघडत नाही, हवा त्यातल्या त्यात गार असते, त्यामुळे त्याचे काम मुळातच सर्वांत हलके असते. बंद ठेवला तरी भिंतींतून उष्णता आत झिरपतच राहते आणि ती सकाळी पुन्हा बाहेर काढावी लागते. थोडी वाचते ती केवळ आतला माल तेवढा वेळ कमी गार राहतो म्हणून, आणि त्या कमी गार राहण्याची किंमत आम्ही मोजली होती.

मग उष्णता आत शिरते कुठून, याचा शोध सुरू झाला. प्रथम आमचे नेहमीचे मिस्त्री आले. त्यांनी खिशातून दोन रुपयांची नोट काढली, दारात धरून दार लावले आणि नोट अलगद ओढून घेतली. "अम्मा, दरवाजा बंद है बोलके तुम समझ रहे, मगर बंद नहीं है," ते म्हणाले. दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात वाळून फुगले होते. ती नोटेची परीक्षा आजही मी सहा महिन्यांनी करते. नोट घट्ट धरली गेली पाहिजे. सुटली तर प्रथम कोमट साबणाच्या पाण्याने रबर पुसून पाहावे, कारण कित्येकदा ते नुसते तेलकट मळाने सुटलेले असते, आणि तरीही न धरल्यास बदलावे.

रबर बदलले. मिस्त्रींकडूनच प्लग दुसऱ्या भिंतीवर घेतला आणि फ्रीज शेगडीपासून हलवला. शेगडीशेजारी फ्रीज म्हणजे चुलीजवळ बसून अंगावर पाणी ओतून घेण्यासारखे. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. पाठीची जाळी झाडली तेव्हा पाच वर्षांची धूळ निघाली. डोक्यावरचा लोकरी रुमाल मी निमूटपणे पेटीत ठेवला. काटा तिसऱ्या आकड्यावर आला. बर्फाच्या पेटीवर बोटभर साय धरू द्यावयाची नाही, पेन्सिलीच्या जाडीइतकी झाली की फ्रीज रिकामा करून वितळू द्यावयाची, असा नियम झाला. बर्फाला आपण गार समजतो, पण नळीवर चढलेला बर्फ ही गोधडी आहे. ती पांघरलेली नळी आतली उष्णता शोषू शकत नाही आणि यंत्र उगाच धापा टाकते. (बर्फ सुरीने खरवडू नये. शेजारच्या वदिनांनी खरवडला, नळीला भोक पडून वायू निघून गेला आणि दुरुस्तीत वर्षाची बचत गेली.) पातळ पदार्थांवर झाकण सक्तीचे झाले, कारण उघड्या आमटीतील वाफ शेवटी त्या नळीवरच बर्फ होऊन बसते.

ऊन अन्न ठेवण्याचे बंद झाले. पण इथे एक सावधगिरी हवी. वीज वाचावी म्हणून वरण वा भात आमच्या उन्हाळ्यात तासन्‌तास ओट्यावर ठेवणे धोक्याचे. दोन तासांच्या आत तो आत गेलाच पाहिजे. परातीत पाणी घेऊन त्यात पातेले ठेवले आणि दोनदा पाणी बदलले की अर्ध्या तासात ते हाताला सोसेलसे होते. आणखी एक, मुलांच्या बाजूने. दार उघडून उभे राहण्यावरून त्यांना जेवढी बोलणी खावी लागतात तेवढा त्यांचा अपराध नसतो. आत शिरलेली हवा हलकी असते, ती गार होण्यास फार वीज लागत नाही. दाराचे सुटलेले रबर अहोरात्र उघडे असते, त्याला कोणी रागावत नाही.

नवरात्रापूर्वी मामंजींनी पुन्हा पंधरा दिवस मोजले. दिवसाला दीड युनिट! सव्वादोनाचे दीड, आणि रात्रीचा एक मिनिटही फ्रीज बंद न ठेवता. त्यांनी वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. इन्सुलिनच्या बाटल्या दाराच्या मधल्या खणात गेल्या होत्या, आणि शेजारचा रकाना बहुतेक निळा-हिरवा होता.

तो ऑल्विन आमच्याकडे २००८ पर्यंत चालला. तोवर कारखानाच राहिला नव्हता. फ्रीजचा विभाग व्होल्टासकडे गेला आणि ऑल्विन हे नाव आता मियापूरकडच्या चौरस्त्याला नि कुकटपल्लीच्या वसाहतीला तेवढे उरले आहे. नवीन फ्रीज घेताना दुकानदाराने दारावरचे तारे दाखवले. केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था २००२ साली स्थापन झाली आणि २००६ पासून ही ताऱ्यांची चिठ्ठी आली. माझे मत असे की ताऱ्यांवर फार भुलू नये. त्यांची कसोटी मधूनमधून कडक होते, त्यामुळे जुन्या पाच ताऱ्यांचे नव्या वर्षी तीनच भरतात. त्याच चिठ्ठीवर वर्षाची युनिटे छापलेली असतात, तो आकडा वाचावा. आणि घरात चार माणसे असता सहा माणसांचा फ्रीज घेऊ नये. रिकामी जागा गार करण्याचेही पैसे पडतातच.

विजेच्या दराचा विषय आमच्या शहरात किरकोळ नाही. २८ ऑगस्ट २००० रोजी दरवाढीविरुद्ध निघालेल्या मोर्च्यावर बशीरबागेत गोळीबार झाला आणि माणसे मेली. आत्याबाई त्याच वर्षी गेल्या, वर्तमानपत्र त्यांनी मजकडून वाचवून घेतले होते. आता भांडण टप्प्यांचे असते. एप्रिल २०२२ पासूनच्या दरपत्रकात शंभराहून अधिक आणि दोनशे युनिटांपर्यंत वापर असल्यास पहिल्या शंभरास ३ रु. ४० पैसे आणि पुढच्या शंभरास ४ रु. ८० पैसे असा दर आला. दोनशेच्या वर एक युनिट गेले की पहिल्या दोनशेंचाच दर ५ रु. १० पैसे. म्हणजे २०० युनिटांचे ८२० रुपये आणि २०१ चे १,०२७ रुपये ७० पैसे! मामंजी असते तर या एका युनिटासाठी त्यांनी नवी वही घातली असती.

मला हे इतके नीट कळले ते मात्र आमच्या बिलावरून नव्हे. २००८ चा फ्रीज आम्ही २०२३ साली बदलला आणि जुना, चांगला चालतो आहे तर वाया का घालवा म्हणून, घरी कामास येणाऱ्या बाईंना दिला. त्या गोलनाक्याला पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत राहतात. मी दानाच्या समाधानात होते. मार्च २०२४ पासून गृहज्योती योजनेत शिधापत्रिका असलेल्या घरांना दोनशे युनिटांपर्यंत वीज विनामूल्य मिळू लागली आणि त्यांचे बिल शून्य आले. मे महिन्यात मात्र त्या कागद घेऊन आल्या : युनिटे २१४. दोनशेच्या वर गेले की सवलत सगळीच जाते, पहिल्या युनिटापासून भरावे लागते. अकराशेंहून अधिक रुपये! मला काही म्हणाल्या नाहीत. "अम्मा, कूलरमुळे असेल का?" एवढेच विचारले.

कूलरमुळेही असेलच. पण त्या संध्याकाळी मी मुलाला घेऊन त्यांच्या घरी गेले आणि पाहिले तो, काचीगुड्याचे आमचे १९८१ सालचे स्वयंपाकघर तिथे जसेच्या तसे! शेगडीला लागून फ्रीज, पाठ भिंतीला, डोक्यावर चादर, चादरीवर तांदळाची गोणी, आणि उन्हाळा म्हणून काटा सातावर. जुना फ्रीज देताना त्याची भूक आपण त्यांच्या पदरात घालतो आहोत, हे मला सुचले नव्हते. घरातून निघाला म्हणजे माझ्या हिशेबातून तो निघाला होता.

खोली लहान, पण दाराकडच्या बाजूला जागा निघाली. मुलाने जाळी झाडली, आम्ही दोघींनी साबणपाण्याने रबर पुसले. पर्समधून दहाची नोट काढून मी दारात धरली. ती वरच्या बाजूने धरली गेली, खालून सुटली. दुसऱ्या दिवशी रबर बदलून घेतले, त्याचे पैसे मी दिले. ते माझ्याकडेच होते. गोणी खाली आली, काटा तिसऱ्यावर आला. रात्री बंद ठेवू का, असे त्यांनी विचारलेच. मी नको म्हटले, आणि कारण विचारले तेव्हा तिथेच बसून त्यांना मामंजींची गोष्ट सांगितली.

जूनचे बिल १८८ युनिटांचे, म्हणजे शून्याचे आले. पाऊसही लागला होता, तेव्हा सगळे श्रेय फ्रीजला देता येणार नाही. त्यांची नववीतील मुलगी आता दर रविवारी मीटर वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरात, तारखेच्या चौकोनात, आकडा लिहून ठेवते. परवा मी गेले तेव्हा पाहिले. अक्षर बारीक आहे, पण आकडे एकाखाली एक सरळ मांडलेले आहेत.